चौकटीत उभा राहणारा अण्णाराव

अण्णारावबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे की नाही, मला ठाऊक नाही. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये पाने-पक्कड धरले. पेन हातात घेतलं ते हजेरीच्या सहीपुरतंच. पण गेल्या वर्षभरात जे बघितलं त्याचा धक्का अजून उतरला नाही, आणि कुणाला सांगायला गेलो की मध्येच अडखळतो. म्हणून लिहून बघतो.

अण्णाराव निलंगा डेपोत कंडक्टर होता, पुढं लातूरला आला. शिक्षण सातवी. अठ्ठ्याऐंशी साली त्यानं औसा रोडला एक प्लॉट घेतला. तेव्हा तिथं तुरीचं रान होतं. त्याचा पगार नऊशेच्या आसपास आणि प्लॉट चौदा हजारांचा. आम्ही डेपोत त्याची लई टर उडवली.

"अरे, तिथं कोल्हे राहतात. शेजारी कोण तुला?"

"तुम्ही या की," तो म्हणायचा. "कोल्ह्यांना तिकीट न्हाई, तुम्हाला बी न्हाई."

वर्षभरात त्यानं दोन खोल्या बांधल्या, एक्क्याण्णव साली वर स्लॅब टाकला. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी सातवी पास कंडक्टर पक्क्या घराचा मालक झाला. कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. माझंही तसंच झालं होतं. नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं, असाच तो क्रम होता.

मग त्र्याण्णवचा भूकंप आला. लातूरला अण्णारावच्या घराला केसाएवढी भेग पडली नाही. पण त्याची बहीण नागाबाई किल्लारीकडच्या एका खेड्यात दिलेली होती. तिचं घर दगडमातीचं, वर हातभर मातीचं माळवद. त्या मातीखालून अण्णारावनं तिला स्वतःच्या हातांनी बाहेर काढलं. ती गेलेली होती.

तो परत आला आणि दिवाळी झाल्यावर त्यानं तीन मजूर लावून स्वतःच्या घराचा स्लॅब फोडायला घेतला. सगळी कॉलनी बघायला जमली. मी धावत गेलो.

"अण्णा, येडा झालास का? तिचं माळवद मातीचं होतं. हे सिमेंट-लोखंड आहे. हे पडत न्हाई."

तो घण चालवणाऱ्या माणसाकडे बघत म्हणाला, "नागाबाईला बी कुणीतरी हेच सांगितलं असंल."

आठ दिवसांत स्लॅब खाली आला आणि वर पत्रे आले. त्या वर्षी पुष्कळ लोक अंगणात, पत्र्याखाली झोपायचे. हळूहळू सगळे आपापल्या छताखाली परत गेले. अण्णाराव गेला नाही. इतकंच नाही, कुठल्याही स्लॅबच्या इमारतीत तो आत जाऊन बसेना. दाराच्या चौकटीत उभा राहायचा. भूकंपानंतर गावोगाव सांगत फिरलेल्या लोकांनी सांगितलं होतं, चौकटीखाली माणूस वाचतो. बँकेत चौकटीत, दवाखान्यात चौकटीत. मंगल कार्यालयात जेवणाचं ताटसुद्धा चौकटीतच घ्यायचा. नवीन माणसाला वाटायचं, हे यजमानांकडचे आहेत, स्वागताला उभे आहेत.

त्याची बायको केवळाबाई म्हणायची, "ह्यांच्या भीतीपायी तीस उन्हाळे मी पत्र्याखाली भाजून निघाले. ह्यांना काय, हे दिवसभर एसटीत गार वाऱ्याला."

त्यांचा मुलगा सुदर्शन मात्र शिकला. एमए झाला, नेट झाला, पीएचडी झाला. पीएचडीचे पेढे अण्णारावनं अख्ख्या डेपोत वाटले. सुदर्शन आता एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि नांदेडच्या एका कॉलेजात शिकवतो, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पैसा, महिन्याला दहा-बारा हजार, तोही वर्षातले नऊ महिने. सून सत्यशीला शिकवण्या घेते. नात ऋतुजा अकरावीला. भाड्याचं तेव्हाचं ते त्यांचं नववं घर.

गेल्या मार्चमध्ये अण्णाराव त्यांच्याकडे गेला होता. त्यानं मला नंतर सांगितलं ते असं. ऋतुजानं परीक्षेचं वेळापत्रक टांगायला भिंतीत एक खिळा ठोकला होता. घरमालक आला. वयानं सुदर्शनपेक्षा लहान, शेंगदाण्याची पिशवी हातात. खात खात म्हणाला, "सर, खिळा कुणाला विचारून ठोकला? आणि जूनपासून दुसरीकडं बघा. वरच्या मजल्याचं काम काढून राहिलो."

सुदर्शन "हो, हो" म्हणाला, आतून पक्कड आणली आणि बापासमोर तो खिळा उपटला. मग भोकात चुना भरत बसला.

"हणमंता," अण्णाराव मला म्हणाला, "माझा पोरगा डाक्टर हाय, पीएचडीचा. आणि त्याला एक खिळा ठोकायची मुभा न्हाई. मी त्याला घर घेऊन देणार. सोमवारी चल माझ्यासंगं."

सोमवारी आम्ही बसनं निघालो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तरी त्यानं खांद्यावरची चामडी बॅग काढली नाही. तीच कंडक्टरची जुनी बॅग. लोह्याच्या पुढं हळूच म्हणाला, "साडेचार लाख हायेत. रिटायरमेंटची ठेव मोडली सगळी. आज घर घेऊनच यायचं." मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मलाही वाटलं, भरपूर आहेत. वरून कपाटाला उरतील.

नांदेडला मालेगाव रोडच्या बाजूला एक नवी इमारत उभी होती, दहा मजल्यांची. सुदर्शन गेटवर आला होता. बापानं बोलावलं म्हणून आला, कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं. ऑफिसमध्ये एक हसतमुख पोरगी बसली होती. मी आणि सुदर्शन खुर्चीवर बसलो. अण्णाराव चौकटीत.

"काका, आत या ना."

"मी हितंच बरा. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर दाखवा. पैसे रोख आणलेत." त्यानं तिथूनच बॅग माझ्या हातात दिली, मी ती टेबलावर ठेवली. पोरीनं आत डोकावून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

"वा काका! किती आहेत?"

"साडेचार लाख."

"छान. बुकिंगला चार लागतात. पन्नास हजार तुम्ही परत न्या."

अण्णाराव समाधानानं हसला. "बघ," तो सुदर्शनला म्हणाला. मग पोरीला विचारलं, "मंजे चारात झालं?"

"बुकिंग झालं, काका. बाकीचे बेचाळीस टप्प्याटप्प्यानं."

"बेचाळीस हजार?"

पोरगी हसली नाही, हा तिचा भलेपणा. ती खाली बघून म्हणाली, "लाख, काका. रजिस्ट्री आणि पार्किंग वेगळं."

मी अण्णारावकडे बघायला घाबरलो. मी मनात हिशेब लावायला गेलो आणि लागेना. त्यानं घर घेतलं तेव्हा पंधरा-सोळा महिन्यांच्या पगारात जमीन आली होती. त्याचा पोरगा सात वर्षं काही न खाता-पिता शिकवत राहिला तर बुकिंगपलीकडं थोडा सरकेल, एवढंच मला कळलं.

पोरगी सुदर्शनला म्हणाली, "सर, लोन होऊन जाईल. बारा महिन्यांच्या सॅलरी स्लिप आहेत ना?"

"नऊ महिन्यांच्या," सुदर्शन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मग वळून म्हणाला, "अण्णा, मी तीन बँका फिरलोय. तुम्हाला सांगितलं न्हाई. चला, चहा घेऊ."

"मला माहीतच न्हवतं रे," अण्णाराव म्हणाला. हे तो दिवसभरात पाच-सहा वेळा म्हणाला, कधी सुदर्शनला, कधी मला, एकदा रिक्षावाल्यालासुद्धा.

पण चहाआधी तो म्हणाला, "शेचाळीस लाखांचं काय असतंय ते बघू तरी." फ्लॅट सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये तो शिरेना, म्हणून आम्ही दोघं म्हातारे जिन्यानं गेलो. प्रत्येक मजल्यावर दम खाल्ला. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होतं. त्याच्या लातूरच्या घराएवढंच, उलट अंगण कमी. अण्णाराव चौकटीत उभा राहून छताकडे बघत राहिला. आत पाय टाकला नाही. "हे वरचं छत म्हणजे आठव्यावाल्याची फरशी," तो म्हणाला. "मंजे आपलं काय? मधली हवा?"

परतीच्या बसमध्येही बॅग त्याच्या खांद्यावरच होती. लातूरच्या स्टँडवर उतरताना म्हणाला, "माझ्या जागेचे किती येतील रे?"

दुसऱ्या दिवशी आदिनाथ नावाचा जागेचा दलाल आला. अंगणात उभा राहून त्यानं पत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घर पाडावंच लागंल, काका. नुसत्या जमिनीचे एक्कावन्न मिळतील. रोडला लागून हाय."

अण्णाराव बाजेवर बसला होता. तो उठला, परत बसला. दोन दिवसांत हा दुसरा दणका होता, आणि मला वाटतं, हा मोठा होता.

"हणमंता, मी बत्तीस वर्षं तिकिटं फाडली. पुरात गाडी अडकली, उपाशी राहिलो, शिव्या खाल्ल्या. त्याचे उरले साडेचार लाख. आणि ह्या मातीनं नुसतं झोपून एक्कावन्न कमवले?"

"तू कष्ट केलेस म्हणून माती आली," मी म्हणालो.

"माझ्या पोरानं काय कमी केले?"

केवळाबाई उंबऱ्यात बसून शेंगा निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "विका. तीस वर्षं म्या ह्यांच्या भीतीत काढली, आता हे चार वर्षं पोराच्या सुखात काढतील. पण मी लिफ्टीनं जाणार. सांगून ठेवते."

सुदर्शन फोनवर नको नको म्हणाला, रडलासुद्धा. जागा विकली गेली आणि नांदेडचा तोच सातव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. ज्या दिवशी पत्रे उतरवले त्या दिवशी अण्णारावनं त्यातले दोन बाजूला काढून सामानाच्या टेम्पोत टाकले. कशाला, मी विचारलं. म्हणाला, "राहू दे."

वास्तुशांतीला मी गेलो. सुदर्शन आणि सत्यशीला पूजेला बसले. सत्यशीलानं सकाळीच हॉलमध्ये चार खिळे ठोकून घेतले होते. फोटो एकच होता. अण्णाराव सबंध वेळ चौकटीत उभा. शेजारचे येणारे लोक त्याला हात जोडत, "या, या" तो म्हणे. केवळाबाई मला म्हणाली, "बघा, हौसेनं पाहुणे घेतायत."

पत्रे गॅलरीवर लावायला सोसायटीनं मनाई केली. शेवटी ते खाली वॉचमन शिवलिंगच्या केबिनवर बसवले. त्याची केबिन गळत होती. तेव्हापासून अण्णारावचा सगळा दिवस तिथं. सकाळी जिन्यानं उतरतो, जेवायला वर जातो ते चौकटीत खुर्ची टाकून जेवतो, परत खाली. अंथरूणही चौकटीलगतच, डोकं बाहेर. मी अधूनमधून जायचो. ऊन चढलं की पत्रे तडतड वाजायचे. तो म्हणायचा, "ऐक, आपलं घर."

शेवटचा गेलो तो गेल्या महिन्यात. आम्ही तिघं केबिनमध्ये बसलो होतो, तो, मी आणि शिवलिंग. ऋतुजा क्लासवरून आली, सायकल लावली आणि आजोबाला बिस्किटाचा पुडा दिला. हुशार पोरगी आहे, बडबडी. बोलता बोलता सहज म्हणाली, "आजोबा, तुम्ही जागा विकली म्हणून बाबांचं घर झालं. मग माझ्या वेळी काय विकायचं?"

शिवलिंग हसला. "हे दोन पत्रे हायेत की ताई!"

अण्णारावही हसला. "हे घर हाय की. तुझंच हाय."

"पण हे विकलं तर आई-बाबा कुठं राहतील?" तिनं खरंच विचारलं. तोंडावर टोमणा नव्हता. "बाबांना पेन्शन पण न्हाई. आणि तोवर तर हे असलं घर कोटीत जाईल, आमचे सर म्हणत होते."

मी इतक्या वर्षांत अण्णारावचा चेहरा तसा एकदाच बघितला होता, नागाबाईला पोचवून आला तेव्हा. बिस्किटाचा पुडा त्याच्या हातात तसाच राहिला. पोरगी गोंधळली. "चिडलात का आजोबा? मी आपलं विचारलं."

"न्हाई गं," तो म्हणाला. मग उठला, धोतर सारखं केलं आणि जिन्याकडं न वळता लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला. "कुठलं बटन दाबायचं, दाव."

मी मागोमाग शिरलो. वर जाईपर्यंत त्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं, अजून तिथं दुखतंय. सातव्यावर उतरून तो दारापाशी आला, चौकटीत थांबला नाही. हॉलच्या मधोमध गेला आणि फरशीवर मांडी घालून बसला. केवळाबाई स्वयंपाकघरातून बघतच राहिली. तिच्या हातातल्या उलथन्यावरून तेल ठिबकत होतं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काई न्हाई," अण्णाराव म्हणाला. त्यानं वर छताकडं बघितलं. "ह्याच्यापुढं आपल्याजवळ विकायला काई न्हाई. हे पडून कसं चालंल?"