लंगड्या बाबूच्या जागी

लिहिण्याचा अधिकार मला आहे असं मी समजत नाही. आमच्या घरातून नागपूरला कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि माझी भाषा अजून कच्ची आहे. वाचकांनी क्षमा करावी. पण माझ्या थोरल्या भावाच्या गोलंदाजीबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो. रागात लिहितो आहे, हेही आधीच सांगतो.

आम्ही गोंदियाजवळच्या मुर्री गावचे. भाऊ गोंदियाच्या लोको शेडात, ठेकेदाराकडे, इंजिनात कोळसा भरायच्या कामावर होता. शेडाला लागूनच रेल्वेचं मैदान. रविवारी तिथे साहेब लोक आणि ऑफिसातले बाबू क्रिकेट खेळत. भाऊ त्या संघात होताही आणि नव्हताही. सामना सुरू होई तेव्हा तो कोळशाच्या ढिगावर फावडं मारत असे. साहेबांच्या गोलंदाजांना मार बसू लागला की संघातला एक बाबू लंगडू लागे. त्याच्या पायाला काहीही झालेलं नसे. तो बाहेर गेला की शिपाई ढिगाकडे धावे आणि भाऊ त्याच्या जागी येई. बदली गड्यानं गोलंदाजी करायची नसते, हे मला पुढे नागपूरला कळलं. गोंदियात पाहुणे संघ ते चालवून घेत. साहेबाला नाही कोण म्हणणार?

काळ्या हातांनी तो चेंडू घेई. टप्पा पडून चेंडू असा आत येई की चांगले फलंदाज मागे वळून पडलेल्या यष्ट्या बघत राहत. सामना जिंकला की सगळे तंबूत चहाला जात, लंगडा बाबू सर्वांत पुढे. भाऊ परत ढिगावर.

संघ निवडणाऱ्या शेडाच्या साहेबानं त्याला शब्द दिला होता की नागपूरच्या स्पर्धेत तुला अकरांत घेऊ आणि मग रेल्वेत पक्कं करू. त्या शब्दावर तो जगत होता. सुट्टीत मी त्याच्याशी भांडलो.

"तू जाते कायले? एक दिवस नाही म्हन."

तो भात कालवत होता. "नाही म्हनलं तं मंग बोलावतीन काऊन?"

त्या प्रश्नाचा राग मला अजून आहे.

स्पर्धेला संघ नागपूरला आला तेव्हा मी मैदानावर गेलो. अकरांत तो बाबूच होता, पांढऱ्या कपड्यांत. भाऊ बॅटींच्या पिशव्या उचलून मागून आला. सामना हातचा जाऊ लागला तसा बाबू सवयीनं लंगडला. समोरच्या कप्तानानं सांगितलं, बदली माणूस येऊ दे, पण चेंडू टाकणार नाही. मग भाऊ तासभर सीमेवर धावला, दुसऱ्यांच्या गोलंदाजीवर बसलेले फटके अडवत. संघ हरला. परत जाताना साहेब भावाकडे बघून म्हणाला, आज तुझा काही उपयोग झाला नाही. भावानं मान डोलावली. मी तिथेच उभा होतो.

त्यानंतर घरून बरेच दिवस काही कळलं नाही. दिवाळीच्या आधी मुर्रीचा एक ओळखीचा, रेल्वेत खलाशाचं काम करणारा माणूस गाडीनं नागपूरला आला, तो मुद्दाम वसतिगृहावर भेटायला आला. साहेबानं शब्द पाळला, तो म्हणाला.

"तुझा भाऊ पक्का झाला ना. मैदानावर रोलर ओढून राहिला आता. लय खूश आहे."