बकरीची लस अन् ताईचा गाल

माही ताई पशुसखी आहे. म्हणजे गावातल्या बकऱ्या-कोंबड्यांले लस टोचायचं काम तिचं. हात असा हलका का बकरीले समजत पण नाई. अन् त्याच हातानं घात केला ना!

तिच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या खालीच, पुटकुळ्यांचे जुने खड्डे होते. लग्न जमलं अन् तिले ते एकदम दिसाले लागले. मोबाइलवर कोणत्यातरी बाईनं सांगतलं, घरीच सुई टोचा, खड्डा भरते. झालं, मागवली औषधाची बाटली!

मी म्हणलं, "ताई, डॉक्टरले तरी विचार."

"हजार बकऱ्या टोचल्या मी. तू मले सुई शिकवतं का वं?"



आमच्या गावात पार्सल येत नाई, धानोऱ्याले मोबाइलच्या दुकानात पडून राह्यते. मे महिना, टिनाचं छत, चार दिवस ती बाटली तिथी शिजली. अन् त्याच आठवड्यात ताईनं बकऱ्यांची लस परत पाठवली होती! काऊन? तर पेटीतला बर्फ वितळला होता. आणणाऱ्या भाऊनं हात जोडले, तरी ऐकलं नाई. "गरम झालेली लस माह्या बकऱ्यांले नाई चालत," म्हणे.

बाटली घरी आली त्या दुपारी, आई झोपली तसं ताईनं आरशापुढं बसून टोचून घेतलं. सकाळी गाल पुरीसारखा टम्म. "डास चावला," म्हणे. संध्याकाळी ताप. तरी डासच! तिसऱ्या दिवशी डोळा उघडेच ना, तेव्हा मी तिच्या तोंडाले ओढणी गुंडाळून तिले गडचिरोलीच्या बसमध्ये कोंबलं.

डॉक्टरबाईनं विचारलं, "काय टोचलं?"

मीच पर्समधून बाटली काढली. वरची अक्षरं कोणत्या देशाची, देव जाणे. डॉक्टरबाईनं उलटीपालटी करून पाह्यली.

"यात काय आहे हे मलाच कळत नाही. पू डोळ्याकडे चाललाय. डोळ्याचं आज काहीच सांगता येत नाही."

मले राग इतका आला का मी तिथीच ओरडली, "ताई, बर्फ होता का याच्यात? पाह्यला होता का?"

ती एका डोळ्यानं रडाले लागली. मंग मी पण.

चिरा देऊन पू काढला. आठ दिवस दवाखान्यात सलाईन. डोळा वाचला. गालावर मात्र असा वण राह्यला का जुने सगळे खड्डे त्याच्यात मावतीन.

मागच्या आठवड्यात लसीची पेटी आली. ताईनं झाकण उघडून बोट घातलं. "पाणी झालं. परत न्या."

बकरी घेऊन आलेली म्हातारी चिडली. "लाव ना वं बाई, उन्हात चालत आली मी."

"नाई आजी. बकरीच्या जिवाशी खेळ नसते करत."

मी ताईकडे पाह्यलं. फक्त पाह्यलं, शप्पथ!

तिनं ओढणी गालावर ओढली. "पाहून काय राह्यली? झाकण लाव पेटीचं."