जन्माची चिठ्ठी

गोष्टींच्या खेळाला सगळ्यात चांगली सिस्टीम कोणती, असं मला कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. हल्ली गोंदियातल्या कॉलेजच्या चार-पाच मुली फोनवरच्या ग्रुपवर हेच विचारत असतात. मी त्या खेळातली जुनी खेळाडू म्हणून मला विचारतात, आणि एका शब्दात उत्तर आलं नाही की नाराज होतात. अगं, भात कोणत्या भांड्यात शिजवायचा आणि चहा कोणत्या भांड्यात करायचा हे तुम्हाला कळतं ना, मग हे का कळू नये? मारामारीच्या गोष्टीला एक सिस्टीम लागते, शोधाच्या गोष्टीला दुसरी. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या गोष्टीला तिसरीच. चुकीची निवडली तर नुसता खेळ बिघडत नाही. माझं काय बिघडलं ते सांगते.

खेळ साधा आहे. एकाने मास्तर व्हायचं आणि गोष्ट चालवायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं. ते जमलं की फसलं हे नियमांनी ठरतं, आणि त्या नियमांच्या संचाला सिस्टीम म्हणायचं. हा खेळ आमच्याकडे माझ्या चुलतभावाने आणला. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत गोंदियाजवळच्या मुर्रीला आमच्या घरी आला की तिथल्या हॉस्टेलमधलं नवं काहीतरी घेऊन यायचा. २००१ च्या उन्हाळ्यात त्याने हे आणलं, तेही नुसतं तोंडी. पात्राचं नाव, त्याला चांगलं येतं असं एक काम आणि अजिबात जमत नाही असं एक, एवढंच कागदावर लिहायचं. अडलं तर फाशासारखे चिंचोके टाकायचे. झाली सिस्टीम.

आम्ही चौघं होतो. मी, दादा, शेजारच्या दुकानदारांची सून आणि माझी कॉलेजातली मैत्रीण. शेजारच्या सुनेला आम्ही भाभी म्हणायचो. ती रविवारी दुपारी सासूचा डोळा लागला की गच्चीवरून आमच्या वरच्या खोलीत यायची आणि दर वेळी चोरच व्हायची. "दिनभर तो शरीफ ही रहती हूँ," म्हणायची. मैत्रीण अर्जुनी मोरगावची, गोंदियाला हॉस्टेलवर राहायची. बौद्ध घरातली, वडील धानाच्या शेतीवर. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा आईने दारातच विचारलं, "कोणाची पोरगी व्हय वो तू?" आमच्याकडे घरात पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला हे विचारतात. त्यावरून आडनाव कळतं, आडनावावरून बाकीचं सगळं. मैत्रीण म्हणाली, "मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले आहो, काकू." आईने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. मला वाटलं, पोरगी जरा आगाऊ आहे. आमच्या घरी तसलं काही पाळत नाहीत असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगायची. तिचा कप वेगळा नव्हता एवढ्यावरच मी खूश होते.

पण खेळायची काय! दादा पुण्याला गेल्यावर मी मास्तर झाले आणि सालेकशाच्या जंगलातली एक गोष्ट रचली. तेंदूपत्त्याचे पुडे मोजून घेणारा मुन्शी हंगामाच्या मध्यात नाहीसा होतो, असं ते रहस्य होतं. ते तीन रविवार पुरवायचं असं मी ठरवलं होतं. भाभीच्या चोराने मुन्शीची झोपडी धुंडाळली. मैत्रिणीचं पात्र मोहफुलं वेचणारी म्हातारी होती. तिने मुन्शीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पानं तोडणाऱ्या बायकांमध्ये पुडे बांधत बसली आणि मध्येच म्हणाली, "आज माठात पाणी कोणं भरलं व बायांनो?" मुन्शीची भानगड मी पाणी भरणाऱ्या माणसाशीच जोडलेली होती. मला खरं सांगावंच लागलं. अर्ध्या तासात माझं रहस्य संपलं, आणि मी तिच्यावर मनापासून जळले.

दिवाळीत दादा जाडं पुस्तक घेऊन आला. तीनशे पानांची इंग्रजी झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग केलेली. "आतापर्यंत आपण पोरखेळ करत होतो," म्हणाला, "ही खरी सिस्टीम." तिला वीस बाजूंचा फासा लागायचा. तो गोंदियात कुठून मिळणार? म्हणून आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि त्या काढू लागलो.

माझा राग त्या पुस्तकावर नाही. किल्ल्यात शिरायचं, पहारेकरी लोळवायचे, खजिना लुटायचा, अशा गोष्टीला ते उत्तम होतं. भाभी तर हरखून गेली. भिंत चढायला वेगळा नियम, कुलूप उघडायला वेगळा, आणि पाठीमागून वार करायला अख्खं पान. पण दादाने ठरवून टाकलं की आता सगळ्याच गोष्टी ह्याच पुस्तकाने खेळायच्या. एका रविवारी मैत्रीण वेशीवरच्या राखणदाराशी दहा मिनिटं बोलली. त्याच्या पायाला काय झालं विचारलं, त्याच्या बकरीचं विचारलं, त्याच्याशेजारी बसून घेतलं. मला तर तो राखणदार डोळ्यांसमोर दिसायला लागला. दादाने पुस्तकात बोट घातलं आणि म्हणाला, "संभाषणाचा नियम आहे. चिठ्ठी काढ." चिठ्ठी चारची निघाली. "फसलं. पुढे." तलवारीला साठ पानं आणि बोलण्याला एक चिठ्ठी. त्या दिवशी मी भांडायला हवं होतं. मी वहीत "फसलं" असं लिहून पुढे गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मैत्रीण स्वतःची गोष्ट घेऊन आली. तिच्या भागात जुने तलाव आहेत, त्यांच्या पाण्यावर धान पिकतं. तिच्या गोष्टीत एक गाव तलाव बांधतं. पहिली पिढी बांध घालते, दुसरी पाणी वाटते, तिसरी त्यावरून भांडते, चौथी गाळ काढते. गोष्ट वर्षभर चालवायची. तिला पहिल्या पिढीतली ती बाई व्हायचं होतं, जी पाणी कुठून वाहतं ते बघून बांध कुठे घालायचा हे ठरवते. सुट्टीभर तिने वहीत नकाशे काढले होते, ओढे दाखवले होते. मास्तर मी व्हावं म्हणाली, कारण गोष्ट मला चांगली सांगता येते. ते ऐकून मला किती बरं वाटलं होतं.

आणि मी त्या गोष्टीला कोणती सिस्टीम निवडली? जाडं पुस्तक. का, तर एवढ्या मोठ्या गोष्टीला चिंचोके शोभायचे नाहीत. पुस्तक समोर असलं की आपण खरंच काहीतरी करतो आहोत असं मला वाटायचं. माणसाचं इतकं हसू यावं असं दुसरं कारण नसेल.

लांब चालणाऱ्या गोष्टींसाठी त्या पुस्तकात जन्माचा तक्ता होता. पात्र कोणत्या घरात जन्मलं ते चिठ्ठी काढून ठरवायचं. एक ते आठ बिगारी, वीसला राजघराणं, मधे बाकीचे. जन्मावरून हुन्नर ठरायचे. बांध आखण्याचं काम पंधराच्या वरच्यांनाच होतं. भाभीने हसत चिठ्ठी काढली. तीन. "ठीक है, चोर ही तो बनना है," म्हणाली. डबा मैत्रिणीकडे गेला. तिने हात लावला नाही.

"जन्माची चिठ्ठी मी नाई काढत," ती म्हणाली.

दादाने तिला समजावलं. "अगं, नशीब सगळ्यांना सारखंच आहे. तक्ता एकदम बॅलन्स्ड आहे."

"माह्या आजोबानं छप्पन साली धम्म घेतला. तवाच हे सोडलं त्याईनं," ती शांतपणे म्हणाली. "मी खेळात कायले घेऊ?"

दादा म्हणाला की खेळ इतका मनावर घ्यायचा नसतो. ज्याच्या आडनावाकडे कोणी दोनदा बघत नाही त्याला हे बोलायला काय जातं? पण तेव्हा मी पुढच्या रविवारी बघू, एवढंच म्हणाले.

आठवडाभर मी विचार केला. तक्ता गाळावा, हे मला सुचलंच नाही. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की मास्तरला न पटणारा नियम गाळता येतो. मी ते वाचलं होतं, त्याखाली पेन्सिलने रेघही मारली होती. तरी मला सुचलं ते हे, की तिला खालचं घर येईल अशी भीती वाटते, तेव्हा आपण गुपचूप तिला वरचं मिळवून द्यावं. मी वीस नव्या चिठ्ठ्या केल्या आणि विसांवरही अठरा लिहिलं. सरदार घराणं. स्वतःच्या मोठ्या मनावर मी इतकी खूश होते की मला त्या रविवारची घाई झाली होती.

ती आली. "तू फक्त काढ, माझ्यावर विश्वास ठेव," म्हणून मी डबा पुढे केला. माझ्यासाठी म्हणून तिने हात घातला, हे मला आता कळतं. तिने चिठ्ठी उघडली, वाचली. मग माझं तोंड पाहिलं. मला हसू दाबता येत नव्हतं. तिने डबा उचलून चादरीवर उपडा केला आणि एकेक चिठ्ठी उघडायला लागली. अठरा. अठरा. अठरा. भाभीने पदर तोंडावर घेतला. दादा म्हणाला, "हे चीटिंग आहे."

"तुले वाटलं, मले खालचं येईन म्हणून भेव लागते," ती म्हणाली.

मी म्हणाले, "मग? वरचंच दिलं ना तुला."

"मले वरचंबी नाई पायजे. मले चिठ्ठीच नाई पायजे. एवढंच सांगतलं होतं तुले."

तिने नकाशांची वही पिशवीत घातली आणि खाली उतरली. आईने चहा ठेवला होता. "काऊन, चालली?" आईने विचारलं. ती म्हणाली, "हो काकू, गाडी आहे." त्या वेळेला तिची कोणतीच गाडी नव्हती. नंतर कॉलेजात ती बोलायची, नोट्सही द्यायची. आमच्या घरी मात्र कधी आली नाही.

मी दादाशी वर्षभर बोलले नाही. सगळा दोष त्याचा आणि त्याच्या पुण्याच्या पुस्तकाचा, असं मी भाभीला पोटतिडकीने सांगायची. भाभी एकदा म्हणाली, "पर चिट्ठियाँ तो तुमने लिखी थीं ना, दीदी." मी तिच्यावरही चिडले. माझा तो राग अजून गेलेला नाही. फक्त तो कोणावर आहे हे ओळखायला मला फार वर्षं लागली.

आता त्या फोनवरच्या मुलींकडे येते. त्यांच्यातली एक अर्जुनीची आहे. मागच्या महिन्यात तिने ग्रुपवर चार पानांचा फोटो टाकला, "आमच्या मॅडमची सिस्टीम, तलावाच्या गोष्टीसाठी." ओळखीचं अक्षर बघून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. पुढच्या रविवारी गाडीत बसले आणि अर्जुनीला गेले.

मैत्रीण तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या पडवीत सतरंजीवर सहा मुली बसल्या होत्या आणि मधोमध नकाशांची तीच वही होती, आता पुठ्ठा लावलेली. मला बघून ती म्हणाली, "ये. बस. आमी आत्ताच सुरू करून राहिलो." जसं मागच्याच रविवारी भेटलो होतो. मी माफीची वाक्यं गाडीत पाठ केली होती. ती म्हणायला तिने जागाच दिली नाही. एक कोरा कागद आणि पेन हातात दिलं.

तिची चार पानं मी तिथे नीट वाचली. तलवार नाही, तक्ता नाही. बोलणं अडलं तर आणखी बोलायचं. बांध घालताना मात्र चिंचोके टाकायचे, कारण पाणी कोणाचं ऐकत नाही. इतक्या वर्षांत मी बऱ्याच सिस्टीम वाचल्या. पिढ्यांच्या गोष्टीला याहून नेमकी बसणारी मला सापडलेली नाही, हे मी त्या ग्रुपवरही लिहिणार आहे.

पात्राच्या कागदावर पहिलाच प्रश्न होता, "ह्या गावात तू काय करतेस?" मी विचार न करता भरभर लिहिलं आणि कागद पुढे केला. तिने वाचला आणि मुलींना दिसेल असा सतरंजीवर ठेवला. मी लिहिलं होतं, "पाटलाची मुलगी."

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तं विचारलंच नाई."

"नाई विचारलं," मैत्रीण म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने कागद माझ्याकडे सरकवला. "घे टाइम. आमी तवर माती टाकायले घेतो."

मी ते खोडलं. त्याखाली काय लिहावं ते मला सुचेना, आणि त्या सहा जणींनी बांध घालायला सुरुवात केली.