बिनबाह्यांचा कोट

माझ्या आईच्या मते जुन्या वस्तू दोन प्रकारच्या असतात. काही बोहारणीला द्यायच्या आणि काही भंगारवाल्याला. घरात आणायच्या जुन्या वस्तू असा तिसरा प्रकार मी सुरू केला, तेव्हा तिला वाटलं की इंग्रजी शाळेची फी फुकट गेली.

सुरुवात एका खुर्चीने झाली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना कळव्याच्या एका भंगारवाल्याकडे मला ती दिसली. सागवानी, रुंद हातांची, वेत पार फाटलेला. रिक्षात माझ्या मांडीवर तिचे पाय आणि बाहेर तिची पाठ, अशा अवस्थेत मी ती वर्तकनगरला आणली. आईने तिला जिन्याच्या खालच्या पायरीवरच अडवलं.

"कोण गेलं हिच्यात बसून?"

"कोणी नाही गं. जुनी आहे फक्त."

"जुनी खुर्ची माणूस उगाच काढत नाही. एक तर माणूस गेलेलं असतं, नाही तर ढेकूण झालेले असतात."

मग आईने इमारतीच्या अंगणात, सगळ्या गॅलऱ्यांमधून लोक बघत असताना, त्या खुर्चीवर तीन पातेली उकळतं पाणी ओतलं आणि सांध्यासांध्यांत रॉकेल सोडलं. एकही ढेकूण निघाला नाही. आईला ते फार लागलं. पुढे मी ती घासून पॉलिश केली, वेत परवडेना म्हणून नायलॉनच्या पट्टीने विणली, आणि बाबा तिच्यात रोज संध्याकाळी पेपर वाचू लागले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली की ते उठून उभे राहत.

हे सगळं मी न बोलता करत असे. मला बोलता येत नव्हतं असं नाही, पण चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असे. शाळेत आम्हाला इंग्रजीतून निबंध लिहायला शिकवलं, पत्र लिहायला शिकवलं. भांडायला कोणी शिकवलं नाही. मराठीतून भांडणं घरी शिकता आलं असतं, पण त्या विषयात आई इतकी पुढे होती की मी प्रयत्नच केला नाही.

खुर्चीनंतर आला कोट.

तो बाबांचा लग्नातला. करड्या रंगाचा लोकरी कोट, रुंद कॉलर, शिंगासारखी दिसणारी बटणं. मे महिन्यात, ठाण्यात, तो घालून बाबा बोहल्यावर उभे राहिले होते आणि मंगलाष्टकं संपता संपता त्यांना घेरी आली होती. त्यानंतर त्यांनी तो कधी घातला नाही. वीस-बावीस वर्षं तो पोटमाळ्यावर ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत पडून होता. मी मागितला तेव्हा बाबा म्हणाले, "घे की. पण उन्हात जाऊ नकोस."

रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका परदेशी मासिकात मी एक मुलगी पाहिली होती. पुरुषाचा मोठा कोट घालून ती एका पुलावर उभी होती आणि तिला कोणाची पर्वा नव्हती. मला कोटही हवा होता आणि ते दुसरंही हवं होतं. मला वाटलं, कोटापासून सुरुवात करावी.

महिनाभर मी त्याच्यावर काम केलं. कसरीने खाल्लेली सात भोकं होती. बाजारातल्या रफूवाल्याच्या समोर मी चार वेळा काही ना काही निमित्ताने उभी राहिले, त्याचा हात पाहिला, आणि घरी येऊन तसं करायचा प्रयत्न केला. मग सगळी शिवण उसवली. कुजलेलं अस्तर काढून टाकलं. बाह्या वेगळ्या करून ओलसर पंच्यात गुंडाळल्या आणि माझ्या गादीखाली घातल्या, कारण आमच्याकडे गादीखाली घालून होते तशी इस्त्री दुसरी नाही. आणि कोटाचं धड गॅलरीतल्या दोरीवर वाळत टाकून मी कॉलेजला गेले.

तो मंगळवार होता. मंगळवारी आमच्याकडे बोहारीण येत असे.

तिला सगळे भांडीवालीच म्हणत. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात ती बैठक मारी आणि बायका जुने कपडे घेऊन जमत. ती प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून बघे. साडीला पाठीमागे एक विरलेली जागा असली, तर ती तिला घडीतूनसुद्धा दिसे. तिला आजवर कोणी फसवलं नव्हतं, असं ती स्वतःच सांगत असे.

संध्याकाळी मी परतले तर दोरी रिकामी होती आणि ओट्यावर एक नवा, लखलखीत टोप होता.

"दोन लिटरचा," आई म्हणाली. "सांग काय देऊन घेतला असेल? तुझ्या बाबांच्या दोन पँटी, एक चादर, आणि त्या कोटाचं जे काही उरलं होतं ते."

"कोट?" मी म्हणाले.

"अगं, उंदरांनी पार वाट लावली होती त्याची. बाह्यासुद्धा ठेवल्या नव्हत्या मेल्यांनी! पण मी घडी अशी घातली, की बघणाऱ्याला वाटावं बाह्या आत दुमडल्यात. वरती बटणं ठेवली चमकती. आणि बरोबर त्याच वेळी समोरच्या काकूंशी तिचं भांडण लागलं. तिने बघितलंच नाही!"

आईचा चेहरा इतका उजळलेला मी दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. मी जुळवायला घेतलेलं वाक्य जुळेना. शेवटी एवढंच म्हणाले, "मी तो घालणार होते."

आईने टोप पालथा घालून ठेवला. मग म्हणाली, "आम्ही पाच बहिणी. मी कायम तिसऱ्या हाताचा परकर नेसले. शेजारच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलींचे उतरलेले फ्रॉक द्यायच्या, ते घालून त्यांच्याच मुलींबरोबर शाळेत जायचं. तुला पोटाला चिमटा काढून शिकवलं ते उतरलेलं घालायला?"

टोपावर तर नाव घालूनही झालं होतं. आई त्याच दुपारी भांड्यांच्या दुकानात जाऊन, ते टकटक करणारं यंत्र चालवणाऱ्या माणसाकडून माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव असं सगळं ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेऊन आली होती. तो टोप माझ्या लग्नात मला द्यायचा होता. म्हणजे माझा कोट देऊन माझ्याच संसाराची तयारी झाली होती.

त्या रात्रीपासून मी दोन बाह्यांवर झोपू लागले.

आठवडाभर मी एक वाक्य पाठ केलं: 'मावशी, तो कोट चुकून दिला गेला, तो परत द्या.' पुढच्या मंगळवारी कॉलेज बुडवून घरात बसले. बोहारीण येईल का, आली तर कोट तिच्याकडे असेल का, की तो आतापर्यंत कल्याणच्या जुन्या बाजारात कोणाच्या अंगावर गेला असेल, याचा मी सकाळपासून विचार करत होते.

बारा वाजता जिन्यात आरोळी नाही, थेट आमच्या दारावर थाप पडली.

"वैनी! बाहेर या जरा. हे काय दिलंत मला?"

तिच्या हातात कोट होता. तिने तो दोन्ही खांद्यांना धरून असा उभा केला, की बाह्यांच्या भोकांतून समोरच्या काकूंचं दार दिसत होतं. ते दार हळूच उघडलं.

"काय दिलं म्हणजे? कोट दिला," आई म्हणाली.

"याला कोट बोलतात? बाजारात हसली मला माणसं! वीस वर्सं धंदा करते मी. माझा टोप द्या, तुमचा हा घ्या."

माझा जीव भांड्यात पडला. आता आई टोप देईल, कोट घेईल, आणि मला तोंडही उघडावं लागणार नाही.

"बघून घ्यायचं होतंस," आई म्हणाली. "दिलं ते दिलं. आणि टोपावर पोरीचं नाव घातलंय. नाव घातलेलं भांडं कोण परत घेतं?"

आता मात्र बोहारीण अडली. "नाव पण घातलं? एवढी घाई? मग मी काय त्या नावाची दुसरी पोरगी शोधू?"

"ते तू बघ."

आई जिंकत होती. आणि ती जिंकली असती तर बोहारीण पाय आपटत निघून गेली असती, कोटासकट. माझ्या बाजूने भांडणारी एकच व्यक्ती त्या जिन्यात होती आणि ती हरत होती. मी पाठ केलेलं वाक्य आठवायला गेले तर त्यातला 'मावशी' तेवढा आठवला. म्हणून मी आत धावले, गादी उचलली, दोन्ही बाह्या घेतल्या आणि दारात येऊन उभी राहिले. मला दाखवायचं होतं की बघा, हा कोट माझा आहे, याचा उरलेला भाग माझ्याकडे आहे. कोर्टात पुरावा देतात तसं.

बोहारणीचे डोळे चमकले. "हे काय! बाह्या इथंच आहेत! आण इकडं पोरी. आता कसा पुरा कोट झाला."

"उंदीर नव्हते होय?" आई माझ्याकडे बघत म्हणाली. मग तिच्यातला सचोटीचा भाग नको त्या वेळी जागा झाला. "दे तिला त्या. सौद्यातल्याच आहेत."

"नाही," मी म्हणाले. पण इतक्या हळू, की ते फक्त मलाच ऐकू आलं.

बोहारणीने एका बाहीचं टोक धरलं. दुसरं टोक माझ्या हातात. समोरच्या काकू आता पूर्ण बाहेर आल्या होत्या. मी बाही सोडली नाही, पण मोकळ्या हाताने दाराजवळच्या कपाटातून हाताला लागला तो ड्रेस ओढून तिच्यापुढे धरला. "हा घ्या. कोट द्या."

तो गुलाबी होता, जरीच्या बुट्ट्यांचा. टेंभी नाक्याजवळच्या दुकानातून आईने दिवाळीत आणलेला, मुलाकडचे बघायला येतील तेव्हा घालायचा. मुलाकडचे अजून कोणी आले नव्हते, त्यामुळे घडीसुद्धा मोडली नव्हती.

बोहारणीने बाही ताबडतोब सोडली आणि ड्रेस धरला. "अशी पायजे मुलगी!"

"अगं ए!" आईचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला असावा. "नवा कोरा ड्रेस! या चिंधीसाठी? कळतं का काही व्यवहारातलं?" तिने ड्रेसचं दुसरं टोक पकडलं. "सोड तो. तुला काय हवं ते माझ्याशी बोल. ती पोर आहे, तिला घासाघीस येत नाही."

"मग तुम्ही द्या काय ते. कोट पायजे ना पोरीला?"

"हवा आहे," आई दात आवळून म्हणाली. ती आता माझ्या बाजूने भांडू लागली होती, केवळ मी फार वाईट भांडत होते म्हणून.

नंतरची वीस मिनिटं मी भिंतीला टेकून उभी होते. बोहारणीने तीन साड्या मागितल्या. आईने एक दाखवली. बोहारीण उठून निघाली, आईने दार लावून घेतलं, बोहारीण परत आली, आईने दार उघडलं. काकूंनी मध्ये पडून दोन साड्यांवर मिटवायला सांगितलं, तेव्हा दोघींनी मिळून काकूंना गप्प केलं. शेवटी दोन साड्यांवरच मिटलं. ड्रेस आमचा, टोप आमचा, कोट आमचा, आणि वर आईने तिच्या टोपलीतून एक वाटी उचलली. बोहारीण म्हणाली, "वैनी, तुम्ही माझ्याबरोबर फिरा, आपण दोघी बंगला बांधू."

दार लावल्यावर आईने कोट खिडकीशी नेला आणि उलटा करून बघितला.

"हे रफू कोणाचं?"

"माझं."

"सातांतली दोन बरी आहेत." तिने सुईची डबी काढली. "बाह्या आण. दोन चांगल्या साड्या गेल्यात माझ्या याच्यापायी. आता हा अंगात घालायचा, समजलं? पडून राहिलेला चालणार नाही."

"उतरलेला आहे तो," मी म्हणाले.

"कोणाचा उतरलेला? घरचा आहे!" आई म्हणाली, आणि बाकीच्या पाच भोकांचं रफू तिने उसवून टाकलं.

पुढच्या मंगळवारी तिने मला भर दुपारी तो कोट घालून जिन्यात उभं केलं, बोहारणीने बघावं म्हणून. एप्रिल चालू होता. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता आणि लग्नात बाबांचं काय झालं असेल ते मला पुरतं कळत होतं. पण नवं अस्तर गुळगुळीत होतं, खांदे बरोबर बसले होते, आणि बायका बघत असताना मी पहिल्यांदाच जमिनीकडे बघत नव्हते.

बोहारणीने कॉलर उलटून पाहिली, बाही ओढून पाहिली, बटणं मोजली. मग टोपली खाली ठेवली आणि तळातून एक कुकर काढला.

"हा देते. आताच्या आता."

मी हसले, कारण मला वाटलं ती गंमत करते आहे. मग आईकडे पाहिलं. आई कुकरकडे बघत होती.

"नाही!" मी ओरडले. खरंच ओरडले, खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. कोटासकट घरात पळाले, मोरीत शिरले आणि आतून कडी लावली.

बाहेरून आईचा आवाज आला, "अगं, देत नाहीये मी! किती लिटरचा आहे एवढं तर विचारू दे!"