आयरीन हुडाकचे कांदे

आयरीन हुडाकशी फुटबॉलवरून वाद घालायचा असेल तर घरून जेवून निघावं, असं पोर्ट हॅलममध्ये सगळे सांगतात. आणि त्यात काही खोटं नाही. ही बाई एकदा सुरू झाली की समोरच्याची कॉफी गार होते, पण हिचा पारा उतरत नाही. उभा जन्म शाळेची पिवळी बस चालवण्यात गेला. आरशातून नुसतं बघितलं तरी मागची चाळीस कार्टी चिडीचूप बसायची. आता सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण आवाज अजून बसचा हॉर्नच आहे.

तिचं राज्य म्हणजे सेंट सिरिल चर्चचं तळघर. ईस्टरआधी लेंटच्या उपवासाच्या दिवसांत दर गुरुवारी तिथे पिरोगी बनतात आणि शुक्रवारी अख्खं गाव रांगा लावून घेऊन जातं. कुणी बटाटे कुस्करतं, कुणी पाऱ्या लाटतं, कुणी सारण भरून करंजीसारख्या कडा चिमटतं. चिमटणाऱ्यांच्या टेबलाच्या टोकाची खुर्ची आयरीनची. हात चालतात आणि तोंडं त्याहून जोरात चालतात, कारण त्या टेबलावर विषय एकच: आयर्नमेन. अमेरिकन फुटबॉलमधली, हातात चेंडू धरून पळायच्या खेळातली, आपली टीम. तीन पिढ्यांनी जिच्यापायी जीव जाळला आणि जिनं त्याबदल्यात फारसं काही दिलं नाही, ती.

कांद्याची जागा मात्र वेगळी. मोरीपाशी, मागच्या दारालगत. दार उघडं ठेवावं लागतं, म्हणून सरोवरावरचा बोचरा वारा थेट पाठीत घुसतो. डोळ्यांतून धारा आणि बोलायला कुणी नाही. ते काम राजीखुशीनं कोण करणार? म्हणून तळघराचा एक कायदा आहे. ज्याला छातीठोकपणे काही सांगायचंय त्यानं उरलेल्या कणकेची गोळी घ्यायची, तीवर अंगठा दाबायचा आणि ती खिडकीच्या कठड्यावर ठेवायची. झाला दावा. वर्षभरात दावा खोटा ठरला तर पुढच्या लेंटचे सगळे कांदे त्याचे. आणि एकदा अंगठा दाबला की माघार नाही. फादर मध्ये पडले तरी नाही.

मार्व कोचिस हा बटाटेवाला. त्यानं कांदे इतक्यांदा चिरलेत की त्याची बायको म्हणते, हा झोपेतही रडतो. एका मिशाळ कोचवर त्यानं दावा लावला होता की हा आपल्याला अजिंक्यपद मिळवून देणार. नाताळच्या आधीच कोचला नारळ मिळाला. आयरीननं मात्र कधी एक कांदा चिरला नव्हता. हा तिचा तोरा होता आणि ती तो लपवायची नाही.

दाव्यांतून वेळ उरला की मग जर-तर. 'बर्फातल्या त्या मॅचला जिंकायला एकच यार्ड राहिला होता. कोचनं चेंडू फेकायला लावण्याऐवजी धरून घुसायला लावलं असतं तर?' हा जर-तर वांडा आजीचे केस काळे होते तेव्हापासून चघळला जातोय. वांडा आता ऐंशीच्या पुढे आहे. त्या टेबलावर कुठलाही जर-तर चालायचा. चालायचा नाही तो एकच, आणि तो रँडीचा.

रँडी म्हणजे आयरीनचा मुलगा. शाळेत असताना तो गावाचा क्वार्टरबॅक होता. सगळ्या टीमचा खेळ ज्याच्या हातून सुरू होतो, तो गडी. पुढे पाच आडदांड पोरं भिंत करून उभी असतात. ती भिंत फुटली की समोरचे रेडे थेट त्याच्या अंगावर. शेवटच्या वर्षी रँडी एका मॅचमध्ये लंगडत बाहेर आला, उत्तरार्धात परत मैदानात गेला, आणि गुडघा कायमचा गेला. मोठ्या कॉलेजांची बोलावणी आली होती, ती विरून गेली. 'कोचनं माझ्या लंगड्या पोराला परत पाठवलं,' हे आयरीननं तेव्हा ठरवलं ते ठरवलं. तो कोच मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. अंत्यविधीलाही गेली नाही, पण पिरोगीचा ट्रे पाठवला. रीत ती रीत. रँडी आता घरोघरचे हीटर दुरुस्त करतो. लोक मॅच बघतात तेव्हा तो सरोवरावर मासे धरायला जातो.

तर त्या वर्षी जानेवारीत आयर्नमेननी आणखी एका कोचला घरी बसवलं आणि एक तरणा कोच आणला. लेंट लागला तेव्हा तळघरात नुसता कल्ला.

"डोकं बघ त्याचं!" मार्व म्हणाला. "चेंडू लांब फेकायच्या काय एकेक युक्त्या काढतो!"

"डोकं दिसलं," आयरीन म्हणाली. "दाढी अजून दिसायची आहे."

"दाढीवाले तीन झाले की गं," वांडा म्हणाली. "त्यांनी काय उजेड पाडला?"

सगळे खदखदा हसले. तेवढ्यात लाटणं बाजूला ठेवून बर्नाडेट सोकोल उभी राहिली. ही आयरीनपेक्षा बरीच लहान. नवरा गेल्यावर एकटीनं मुलाला वाढवलं, आणि तिला पहिल्या गुरुवारी आयरीनच हाताला धरून इथे घेऊन आली होती. तिचा डेमियन लहानपणी बसमध्ये ओकायचा, म्हणून आयरीन त्याला आपल्या पाठीमागच्या सीटवर बसवायची आणि रोज एक पेपरमिंट द्यायची. तोच डेमियन आता मोठ्या कॉलेजचा क्वार्टरबॅक होता. एप्रिलात ड्राफ्ट, म्हणजे सगळ्या टीम आळीपाळीनं कॉलेजची पोरं निवडणार. सगळ्यात वाईट खेळणाऱ्याची पाळी आधी. त्यामुळे आपली पाळी दरवर्षी लवकर येते, तेवढीच काय ती कमाई.

"पेपरात आलंय," बर्नाडेट म्हणाली. "आपली टीम डेमियनला घेणार म्हणे. माझा पोरगा घरी येतोय."

टाळ्या, मिठ्या, सगळ्यांच्या पाठींवर पिठाचे पंजे. मार्वनं तर पातेलं वाजवलं. आयरीन तेवढी चिमटत राहिली.

"घेऊ नये," ती म्हणाली.

"काय?"

"आपल्या टीमनं त्याला घेऊ नये. भिंत कुठाय आपल्याकडे? पाचातले तिघं पायपुसणी आहेत. आणि हा नवा कोच, ह्याला पहिल्याच वर्षी नाव काढायचंय. पोराला सांभाळून घेईल का तो? लांबच्या टीमला जाऊ दे. एखादं वर्ष बाकावर बसेल, शिकेल."

"सगळं गाव खूश आहे आणि तुझं आपलं भलतंच!" बर्नाडेटचा चेहरा लाल झाला. "तुझ्या रँडीला परत मैदानात पाठवलं नसतं तर तो पुढे गेला असता, म्हणून आता कुणीच जायचं नाही का?"

तो जर-तर कुणीतरी बोललं होतं.

आयरीननं कणकेचा तुकडा तोडला. "ऐका मग. त्याला आपल्या टीमनं घेतलं तर पहिल्याच वर्षी त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेतील." आणि तिनं अंगठा दाबला.

दाबला आणि त्याच क्षणी तिला कळलं आपण काय करून बसलो ते. पोराच्या हाडांवर दावा! असा दावा आजवर कुणी लावला नव्हता. पण गोळी कठड्यावर गेली होती. बर्नाडेटनं एप्रन सोडला, घडी करून टेबलावर ठेवला आणि ती जिना चढून निघून गेली. परत आली नाही.

एप्रिलात आयर्नमेननी डेमियनला घेतलं. गावभर गाड्यांचे हॉर्न वाजले. टीव्हीवर टीमची टोपी घातलेला डेमियन आईला मिठी मारताना दिसला तेव्हा आयरीन एकटीच ओरडली, "अरे, माझ्या बसमधला आहे तो!" आणि मग तोंडावर हात ठेवून बसली. तिला कठड्यावरची ती गोळी आठवली होती. बर्नाडेटला फोन करायला तिनं दोनदा रिसीव्हर उचलला. आणि दोन्हीदा खाली ठेवला.

पुढचा सगळा मोसम बाईनं हरण्यासाठी जीव टाकला. दर रविवारी मॅचच्या आधी चर्चमध्ये मेणबत्ती. वांडानं एकदा गाठलंच. "आयरीन, नक्की काय मागतेस गं?"

"माझा दावा खोटा पडू दे."

"जन्मात पहिल्यांदा हरायचंय तुला. देवाला वाटेल तुझी प्रकृती बिघडली."

भिंत मात्र अगदी तिनं सांगितली तशीच निघाली. दर आठवड्याला डेमियन लोळवला जायचा. उठायचा, गवत झटकायचा, पुन्हा उभा राहायचा. टीम हरायची जास्त, जिंकायची कमी, पण पोरगा मागे हटायचा नाही. तळघरातले सगळे म्हणायला लागले, हे पाणी वेगळं आहे. आयरीन हे ऐकून मान ताठ करायची, जणू ते पाणी तिनंच पाजलं होतं.

शेवटची मॅच बर्फात. दुपारी दारावर थाप पडली. रँडी उभा. "सरोवरावर बर्फ धरलाय, पण अजून पातळ आहे," तो म्हणाला. "मासे नाहीत आज. बघू म्हटलं मॅच." कित्येक वर्षांत तो असा टीव्हीसमोर बसला नव्हता. आयरीननं कॉफी ओतली.

तिसऱ्या भागात भिंत फुटली. दोघं एकदम डेमियनवर आदळले. तो पडला आणि उठेना. डॉक्टर धावले. स्ट्रेचरची गाडी मैदानात आली. आयरीननं रँडीचं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. "ऊठ रे," ती पुटपुटली. "ऊठ बाळा. कांदे चिरते मी, हवे तेवढे चिरते, तू ऊठ."

डेमियननं हात वर केला आणि गाडीला परत जा म्हणून खुणावलं. गुडघ्यावर आला. उभा राहिला. कुणाच्या खांद्याचा आधार न घेता चालत बाहेर गेला. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं, आणि पोर्ट हॅलमच्या एका घरात एक म्हातारी त्याहून जोरात ओरडत होती.

पाच मिनिटांनी डेमियन हेल्मेट चढवून परत मैदानाकडे निघाला. त्या बिनदाढीच्या कोचनं मागून त्याचा शर्ट पकडला आणि त्याला खेचून बाकावर बसवलं. डेमियन वाद घालत होता. कोच नुसती मान हलवत होता.

"बघ," आयरीन म्हणाली. "असा कोच तुला मिळाला असता तर..." आणि एकदम थांबली. आज तो जर-तर तिच्याच तोंडून निघाला होता.

रँडी टीव्हीकडेच बघत होता. "मिळाला होता, आई. म्हाताऱ्यानं माझाही शर्ट असाच धरला होता. मी झटकला हात. 'जा' असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मीच गेलो."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तू त्याच्यावर इतकी चिडलेली होतीस. सगळा दोष त्याच्यावर जात होता. मला बरं वाटायचं ते." तो कसनुसा हसला. "नंतर सांगायला तोंड उरलं नाही."

आयरीनच्या डोळ्यांसमोर तो म्हातारा कोच आला, तो पिरोगीचा ट्रे आला. मग तिनं विचारलं, "का गेलास रे?"

"आपण सहा गुणांनी मागे होतो. आणि बाकी पोरं माझ्याकडे बघत होती."

तिनं त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग तोच हात तिथेच ठेवला. "गाढव," ती म्हणाली. "माझं गाढव." मॅच आयर्नमेन हरले. दोघांच्या ध्यानातही आलं नाही.

लेंटच्या पहिल्या गुरुवारी आयरीन तळघरात आली ती घरची सुरी घेऊन. आपल्या खुर्चीकडे बघितलंही नाही. थेट मोरीपाशी जाऊन बसली, पाठीला वारा घेऊन. मार्व या दिवसाची किती वर्षं वाट बघत होता! त्यानं कांद्याचं पोतं तिच्यापुढे असं आणून ठेवलं, जशी राणीसाहेबांची भेटच. "बारीक हवेत हं, आयरीन. जाड नको."

"गप रे. तुझे कांदे खाऊन गावाचे दात पडले."

जिन्यावर पावलं वाजली. बर्नाडेट. ती आली, तिनं एप्रन बांधला, पण लाटण्याकडे गेली नाही. एक स्टूल ओढून कांद्यापाशी बसली.

"तू कशाला? दावा माझा होता," आयरीन म्हणाली.

"वर्षभर तुझा चेहरा बघतेय चर्चमध्ये. मेणबत्त्याही मोजल्यात." बर्नाडेटनं कांदा उचलला. "डेमियननं निरोप दिलाय. आयरीनला सांग, भिंतीचं तुझं खरं होतं."

आयरीननं मान डोलावली. मग ती टेबलाकडे वळली आणि तिनं बसचा आवाज काढला. "ए, ऐका सगळे! आज जर-तर मी काढते. त्या दिवशी माझ्या रँडीनं कोचचा हात झटकला नसता, गुडघा शाबूत राहिला असता, तर?"

वांडाच्या हातातली पिरोगी तशीच राहिली. मग मार्वनं घसा खाकरला.

"तर... मोठ्या कॉलेजात गेला असता. हात काय होता त्याचा!"

"पाय पण," वांडा म्हणाली. "पळायचा काय!"

"ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत उचलला असता त्याला," बर्नाडेट म्हणाली. "पहिल्या दहात!"

"दहात? पाचात!" मार्व ओरडला, आणि टेबल पेटलं. कोण म्हणतंय त्याला उत्तरेच्या टीमनं घेतला असता, कोण म्हणतंय आपण घेतला असता तर बर्फातली ती एका यार्डाची मॅचही जिंकलो असतो. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. जो तो हिरिरीनं रँडीसाठी भांडत होता.

आयरीननं बाहीनं डोळे पुसले आणि सुरी उगारली.

"पहिल्या नाही, दुसऱ्या फेरीत," ती म्हणाली. "चेंडू फार वेळ धरून ठेवायचा माझा पोरगा. पण घेतला असता. घेतलाच असता."