वरमाई निघाली पापाकुराला, थंड सूप प्यायला

"मुलाकडची माणसं अशी उठून मुलीच्या दारात जात नाहीत," वन्सं म्हणाल्या. मी गाडीची किल्ली उचलली.

झालं होतं असं. माझ्या ओंकारचं कात्याशी लग्न ठरलं. साखरपुडा आमच्याकडे, वेलिंग्टनला. कात्याची आई नीना पापाकुराहून, म्हणजे दिवसभराच्या रस्त्यावरून, आली आणि लेकीच्या फ्लॅटवर दिवसभर खपून तिनं ओक्रोश्का केलं. रशियात उन्हाळ्यात घरोघरी होणारं हे थंड सूप. वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, वास घेतला, "आंबलंय" म्हणाल्या आणि पातेलं बाजूला सारलं. मी दारात पाहुण्यांचं बघत होते. मला कळेपर्यंत नीना भरलेलं पातेलं परत घेऊन गेली होती. आता कात्याचा निरोप आला, मम्मा लग्नाला येणार नाही.

आंबलंय म्हणे! लहानपणी आंबील ओरपलेल्या बाईनं हे म्हणावं? संताप झाला माझा. आणि रुसायचा मान वरमाईचा असेल तर तो मोडायचा अधिकारही माझाच. नवरा म्हणाला, विमानानं जा. पण मला येताना नीनाला शेजारी बसवून आणायचं होतं, तिच्या बरण्यांसकट.

पहाटे निघालात तर संध्याकाळपर्यंत आरामात पोचता. टोल लागत नाही. पेट्रोल वाइओरूला भरून घ्या, कारण पुढे डेझर्ट रोडवर पंप नाही आणि फोनची रेंजही येऊन-जाऊन असते. भर उन्हाळ्यात रुआपेहू ज्वालामुखीच्या माथ्यावर बर्फाचे पट्टे होते. टाउपोला तळ्याकाठी डब्यातले पराठे खाल्ले. बेकरीतली 'पाय' नावाची सारण भरलेली पेस्ट्री घेणार असाल तर व्हेज आहे ना, दोनदा विचारा.

नीनानं दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"कात्यानं पाठवलं?" तिचं इंग्रजी तुटक आहे, राग मात्र अस्खलित.

"नाही. तुझं सूप प्यायला आलेय. त्या दिवशी मला मिळालंच नाही."

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "चपला काढ."

राय नावाच्या धान्याचा ब्रेड काळपट भाजून, पाण्यात आंबवून क्वास करतात आणि तेच या सुपाचं पाणी. पहिला घोट घेतला आणि खरं सांगते, माझं तोंड वाकडं झालं. नीनानं ते पाहिलं. मी दुसरा घेतला. तिसऱ्याला शेपूची चव आली, मुळा कचकन दाताखाली आला, आणि मी वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी शिकायला बसले. उकडून गार केलेले बटाटे, अंडी, काकडी, मुळा, शेपू, सगळं बारीक चिरायचं. कांद्याची पात मिठानं चुरडायची, बलक मोहरीत कालवायचा, वरून गार क्वास आणि सावर क्रीम. सॉसेज आमच्यासाठी वगळलं. सगळं जमलं आणि माझ्या हातानं सवयीनं फोडणीचं तेल तापायला ठेवलं.

"गॅस बंद!" नीना ओरडली. "तुलाही हे सुधारायचंय?"

मी गॅस बंद केला. "नाही. जसं आहे तसंच वाढायचं. माझ्या घरी, केळवणाला." लग्नाआधी आपली माणसं नवरा-नवरीला प्रेमानं जेवू घालतात, ते केळवण, असं तिला समजावलं.

"आणि परत कोणी खाल्लं नाही तर?"

"मी आहे ना."

परतीच्या वाटेवर नीना क्वासची बरणी मांडीवर घेऊन बसली होती. झाकण घट्ट लावू नका, गॅस धरतो. दर थांब्यावर ती जरासं सैल करायची. टाउपोला तिनं माझा पराठा खाल्ला आणि लोणचं मागून घेतलं.

केळवणाला मी आधी ओक्रोश्काच वाढलं, श्रीखंड नंतर. ओंकार म्हणाला, "आई, हीप्स गुड!" म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत एकदम भारी. बाकीच्यांनी जपून चमचे उचलले. काहींना आवडलं, काहींनी कसंबसं संपवलं. वन्संनी हात लावला नाही. "मला आपली श्रीखंड-पुरी पुरे."

नीनाची नजर त्या भरल्या वाटीवर खिळली होती. तिची समजूत काढायला एवढा रस्ता कापला तो काय या वाटीसाठी? माझं डोकं फिरलं. मी वन्संच्या पुढ्यातून ती वाटी उचलली, सगळ्यांसमोर उभ्यानंच तळापर्यंत संपवली आणि नीनासमोर धरली.

"अजून वाढ."

आता विचाराल, या प्रवासातून काय घेऊन आलीस. रुआपेहूचे फोटो फोनमध्येच आहेत. फ्रीजमध्ये क्वासची बरणी आहे, झाकण सैल ठेवलेली. आणि लग्नाच्या फोटोत पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, विहीणबाई आहेत.