राबासाठी ठेवलेला पाला

डोंगर पेटला की बदलापूरचे लोक गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढतात. ‘काय मस्त दिसतंय’ असं खाली लिहितात. मी बेलवलीत भाड्याने राहते, म्हणून असले व्हिडिओ माझ्याही मोबाईलवर येतात. मला ते बघवत नाहीत. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी आहे आणि तिथे माझी आई राहायची.

वाडीतून खाली डांबरी रस्त्याला यायला गाडवाट होती, बैलगाडी आरामात जाईल एवढी. तिच्या दोन्ही अंगांची जमीन आमच्याच माणसांनी विकली. माझ्या चुलत्यानेही विकली, आणि त्याने मोटारसायकल आणली तेव्हा आम्ही तिला हार घातला, पेढे खाल्ले. घेणाऱ्याने तिथे बंगल्यांची स्कीम टाकली. भिंत बांधली ती गाडवाट पोटात घेऊनच. खाली रस्त्याला एक आणि वाडीच्या तोंडाशी एक अशी लोखंडी फाटकं आली; वाडीकडच्याला साखळी आणि कुलूप. आम्हाला उरला भिंत आणि नाला यांच्यामधला बोळ. विकताना वाटेचं कोणी विचारलंच नाही. वाट काय कोणाच्या बापाची असते, असं म्हणत बसले सगळे.

पूर्वी दिवाळी झाली की डोंगरावरचं गवत कापून तबेल्यांना जायचं. तबेले उठले, गवताला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि आता शिमग्याच्या सुमाराला ते कमरेएवढं वाळून उभं असतं. एका वर्षी वणवा शेवटच्या घराच्या गोठ्यापर्यंत आला. घर वाचलं, पण आईला दमा होता. त्या धुराने ती आठवडाभर उशीला टेकून बसून होती. तेव्हापासून मी वाडीच्या मागे लागले. गवत काढा, वरच्या अंगाला पट्टा आधीच जाळून ठेवा, म्हणजे वणव्याला खायला काही उरणार नाही. आणि ते फाटक उघडं ठेवायला सांगा. आईला घेऊन पळायचं झालं तर त्या बोळातून कसं पळणार?

पट्ट्याचं सगळ्यांना पटलं. फाटकाचं मात्र ‘स्कीमवाल्या साहेबांशी बोलू’ इथेच अडलं. कोणी बोललं नाही.

दर रविवारी सगळी वाडी डोंगरावर. मी आठवडाभर उल्हासनगरात, कॅम्प दोनला जीन्स शिवते. रविवारी विळा धरायला जायची. उरलेले खुंट जाळून सुरेख पट्टा झाला. पण कापलेलं गवत, खुरटलेल्या झाडांच्या फांद्या, झाडून काढलेला पाला, हे सगळं टाकायचं कुठे? मी म्हटलं, टेम्पो बोलवू, लांब नेऊन टाकू. माझ्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं, की जणू मी तांदूळ नाल्यात ओतायला सांगितले.

आमच्याकडे पाऊस लागायच्या आधी भाताची रोपं करायच्या जागेवर पाला, गवत, शेण पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. राबाचा पाला फुकट घालवणारी बाई आमच्यात नांदायच्या लायकीची धरत नाहीत.

“पाला काय कचरा हाय?” सगळ्यांच्या देखत आईच मला म्हणाली. “मग राबाला काय घालू, तुझ्या जीन्सच्या चिंध्या?”

लोक हसले. मला तिचा असा राग आला, की दोन रविवार मी वाडीवर गेलेच नाही. तेवढ्या दिवसांत पाल्याचे ढीग बोळात भिंतीला लावून रचले गेले. मोकळी जागा तेवढीच होती ना! चालायला कडेने जेमतेम पाऊलवाट ठेवली.

वणवा डोंगरावरून आलाच नाही. भिंतीच्या आत वॉचमनने बागेतला पाचोळा पेटवला, वाऱ्याने ठिणगी अलीकडे पडली. रविवारची दुपार, मी आईच्या घरी भाकरी थापत होते. धूर आला आणि बाहेर येऊन पाहते तो पूर्ण बोळ पेटलेला. भिंत त्यांनी बांधली, पण तिच्या कडेला सरण आम्ही रचलं.

आई खोकायला लागली. तिला घेऊन फाटकाशी आलो. आत धूर नव्हता; स्वच्छ, रुंद वाट थेट रस्त्यापर्यंत. चावी खाली रस्त्याकडच्या फाटकावरच्या वॉचमनकडे. बाप्ये कुऱ्हाडी घालत होते, पण लाकूड तोडायची कुऱ्हाड साखळीला काय करणार? वॉचमन धावत निम्म्यावर आला, कानाला फोन लावून.

“साहेब फोन नहीं उठा रहे. बिना पूछे खोला तो मेरी नौकरी जाएगी, ताई.”

मी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा, आईच्या समोर. तिला त्या ऐकू आल्या की नाही, माहीत नाही.

शेवटी बांबूला चादर बांधून झोळी केली आणि तिला डोंगराच्या वाटेने वळसा घालून न्यायला निघालो. आमच्या जाळलेल्या पट्ट्यावरून. तिथे काही जळत नव्हतं, एवढं काम आम्ही खरंच चोख केलं होतं. पट्टा ओलांडला आणि झोळीतला खोकला थांबला. मागचा माणूस म्हणाला, “बरं वाटतंय वाटतं म्हातारीला.” मी मागे वळून पाहिलं आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं.

रात्री तिला घरी ठेवलं. सकाळी बोळ धुमसतच होता, तिरडी नेणार कुठून? आता साहेबांचा फोन लागला. त्यांना फार वाईट वाटलं म्हणे. त्यांनी लगेच फाटक उघडायला सांगितलं.

मेलेल्या माणसाला आपल्याकडे फार मान. दोन्ही झडपा सताड उघडल्या होत्या. वॉचमन टोपी काढून उभा होता. आई नवी नवरी म्हणून याच वाटेने बैलगाडीतून वाडीत आली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना आता कण्हेर आणि दिवे. काही मिनिटांत आम्ही रस्त्यावर आलो. न धावता.

तिथून बाप्ये स्मशानाकडे गेले. आम्ही बायका घरी जायला मागे वळलो, तर रस्त्याकडचं फाटक लावून घेतलेलं होतं. आम्ही बोळातल्या गरम राखेतून घरी गेलो.